याकूब मिस्त्रीनं न ठोकलेली भिंत

याकूब मिस्त्री कुणाच्याही घरात शिरला, की चप्पल काढायच्या आधी भिंत ठोकायचा. उजव्या हाताचं मधलं बोट मुडपून दोनदा टकटक करायचा आणि मान जराशी कलती करून ऐकायचा. घर बारशाचं असो की मयतीचं, त्याला फरक पडायचा नाही. 'भरीव हाय,' म्हणाला की घरमालक उगाचच खूश व्हायचा. काही न बोलता आत गेला, की त्या बिचाऱ्याच्या जिवाला घोर.

एकदा त्याच्या भाचीसाठी स्थळ बघायला आम्ही मिरजेला गेलो होतो. मला नेलं होतं, कारण माझ्याकडे गाडी होती. सरबत आलं. मुलाचे वडील आपल्या खानदानाचं वर्णन करायला लागले. त्यांचं वर्णन ऐन रंगात आलेलं असताना मिस्त्रीनं पाठीमागची भिंत ठोकली आणि मोठ्यांदा म्हणाला, "पोकळ हाय सगळं!" त्याचं बोलणं गिलाव्याबद्दल होतं, हे त्या सद्गृहस्थांना पटवता पटवता माझी दमछाक झाली. सोयरीक काही जुळली नाही. भाचीनं मात्र मामाला भरभरून दुवा दिला, कारण तिला तो मुलगा मुळातच पसंत नव्हता.

माझं कराडात सिमेंट-लोखंडाचं दुकान आहे. याकूब आणि मी प्राथमिक शाळेपासूनचे सोबती. गिऱ्हाईक समोर असलं की तो मला 'शेठ' म्हणायचा आणि गिऱ्हाईक गेलं की 'दिन्या'. उंचापुरा, ताठ चालणारा, साइटवरसुद्धा पांढरा शर्ट घालणारा माणूस. कानात अत्तराचा फाया. स्वतःची तारीफ स्वतः करण्यात त्याला कधी कमीपणा वाटला नाही. 'आपल्या भिंतीवर हत्ती घाल गड्या, हत्ती माघारी जाईल,' हे त्याचं नेहमीचं वाक्य. हत्ती कुठून आणायचा हे विचारलं की चिडायचा.

त्याचे वडील चुन्याचं काम करायचे. कळीचा चुना भिजवायचा, दगडी चाकाच्या घाणीत मळायचा आणि जुन्या वाड्यांच्या, मशिदींच्या, देवळांच्या भिंतींना लावायचा. अब्बांच्या तळहातांची कातडी कायम सोललेली असायची. शाळेत पोरं याकूबला 'चुनाळ्या' म्हणून चिडवायची आणि तो रडत घरी जायचा. मोठा झाल्यावर त्यानं सगळ्यात आधी काय केलं असेल, तर वडिलांची घाणी मोडली. तिचं दगडी चाक गल्लीच्या गटारावर पाय ठेवायला टाकून दिलं. आणि अब्बांनी जिथं जिथं चुना लावला होता, तिथं तिथं जाऊन त्यानं तो खरवडून सिमेंट लावायला सुरुवात केली.

लोकांना तेच हवं होतं. मातीच्या घरात राहणं म्हणजे गरिबीत राहणं, असा तो काळ. जाड भिंती असायच्या, खाली काळा दगड आणि वर पांढरी माती. उन्हाळ्यात आत गेलं की जीव गार व्हायचा. पण सोयरे आले की तीच भिंत डोळ्यांत खुपायची. मिस्त्री यायचा, घमेलं खाली ठेवायचा आणि म्हणायचा, "आवं, किती दिवस मातीत ऱ्हायाचं? एकदा पक्कं करून टाका." त्या 'पक्कं' शब्दात अशी काही जादू होती, की सासू-सून दोघी एकाच वेळी माना डोलवायच्या. मग मिस्त्री माझ्या दुकानाचं नाव सांगायचा. माझं दुकान त्याच्या जिभेवर उभं राहिलं, असं म्हटलं तरी चालेल.

अशाच एका घराची ही गोष्ट आहे.

आम्हाला चौथीला शिकवणारे गुरुजी निवृत्त झाल्यावर सांगलीला, नदीकडच्या जुन्या वस्तीतल्या आपल्या वडिलोपार्जित घरात राहायला गेले. गुरुजी जैन, कडक शिस्तीचे, कमी बोलणारे. आम्ही साठीला आलो तरी त्यांच्यासमोर चौथीतलीच पोरं होतो. गुरुजींच्या पत्नी, आमच्या काकू, उलट फार बोलक्या. याकूबवर त्यांचा विशेष जीव, कारण लहानपणी चुनाळ्या म्हणून रडणाऱ्या या पोराला त्यांनीच शाळेच्या मागं बसवून पोळी-गूळ खायला घातला होता. घर पक्कं करायचं ठरलं तेव्हा साहजिकच याकूबला निरोप गेला. त्यानं आतून-बाहेरून सिमेंटचा जाड गिलावा केला, वर घोटून घोटून आरशासारखा गुळगुळीत केला. गुरुजी सहसा कुणाचं कौतुक करत नसत. त्यांनी भिंतीवरून हात फिरवला आणि 'छान' म्हणाले. मिस्त्री तो 'छान' पुढं कित्येक वर्षं लोकांना सांगत होता.

मग कृष्णेला पूर आला. सांगलीकरांना पूर नवीन नाही, पण हे पाणी घराघरांत शिरलं आणि मुक्कामाला राहिलं. गुरुजी-काकूंना नातेवाइकांनी सांगलीतच, उंचावरच्या विश्रामबागेकडं हलवलं. पाणी ओसरलं, चिखल उपसला गेला, भिंती बाहेरून वाळलेल्या दिसायला लागल्या. गुरुजींनी याकूबला फोन केला. तेव्हा तो माझ्याच दुकानात, माझ्यासमोर चहा पीत बसला होता.

"याकूब, घरात राहायला जावं का रे?"

"बिनघोर जावा गुरुजी!" मिस्त्री बशी खाली ठेवत म्हणाला. "माझं काम हाय त्ये. लोखंड हाय लोखंड. कृष्णामाईला म्हनावं, आनिक एकदा ये."

आम्ही दोघं हसलो. फोनवर गुरुजीसुद्धा हसले असावेत.

ते राहायला गेले आणि थोड्याच दिवसांत माजघराची भिंत पडली. काकू तिथं तांदूळ निवडत बसल्या होत्या. जीव वाचला, पण दोन्ही पायांचा चुराडा झाला. डॉक्टरांनी शर्थ केली, तरी त्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत.

आम्ही सांगलीला पोचलो तेव्हा काकू दवाखान्यात होत्या आणि गुरुजी पडक्या माजघरात एका खुर्चीवर बसले होते. मिस्त्री ढिगाऱ्याजवळ उकिडवा बसला. सिमेंटचा गिलावा अख्खाच्या अख्खा, दार निखळावं तसा आडवा पडला होता. त्याला एक चीर नव्हती. त्याच्या खालची माती मात्र अजून चिंब ओली होती. मिस्त्रीनं मूठभर उचलली आणि दाबली, तर बोटांच्या फटींतून पाणी आलं. शेजारी एका कासाराचं घर होतं. त्याला गिलावा करायची ऐपत नव्हती, म्हणून आम्ही दोघांनी कधीकाळी त्याची चेष्टाही केली होती. त्याची मातीची भिंत पुरात भिजली, वाऱ्यानं हळूहळू वाळली आणि जागच्या जागी उभी होती. मिस्त्री कितीतरी वेळ त्या भिंतीकडं बघत राहिला.

गुरुजी म्हणाले, "कृष्णामाईपुढं कुणाचं चालतंय याकूब? तू मनाला लावून घेऊ नको."

मिस्त्रीनं तोंड उघडलं आणि मिटलं. त्याला बोलताना अडखळलेलं मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं.

परत येताना पेठ नाक्याला आम्ही चहाला थांबलो. त्यानं चहाला हात लावला नाही. म्हणाला, "दिन्या, भित्तीत पानी शिरतंय, तसं त्ये भाईरबी पडतंय. म्या त्येला भाईर पडू दिलं न्हाई. दोन्ही अंगानी कोंडून घातलं. आत सडवली भित्त."

"पुरात कुणाच्या भिंती टिकत्यात रं?" मी म्हणालो.

"कासाराची टिकली."

मी चहाचे पैसे दिले आणि गाडी काढली.

त्यानंतर मिस्त्री माझ्या दुकानात यायचा, बसायचा, गप्पा मारायचा, पण सिमेंट न्यायचा नाही. नव्या बांधकामाशी त्याचं भांडण नव्हतं. 'आरसीसीला सिमेंट पायजेच की,' म्हणायचा, 'पन मातीच्या अंगावर त्येचं काय काम? चुन्यातनं पानी भाईर पडतंय.' गटारावरचं ते दगडी चाक त्यानं चार माणसं लावून उपटून काढलं, घासूनपुसून धुतलं आणि परसात पुन्हा घाणी मांडली. आम्हाला वाटलं, वडिलांच्या रक्तातला हुन्नर आता आपसूक हातात उतरणार. कसलं काय! चुना मुरायला वेळ द्यावा लागतो आणि धीर धरणं मिस्त्रीच्या कुंडलीत नव्हतं. कच्चाच चुना त्यानं स्वतःच्या घराला लावला. ईदेला आम्ही सगळे शीरखुर्मा पीत बसलो होतो, तेवढ्यात वरून एक पोपडा सुटला तो थेट माझ्या वाटीत. त्याच्या पत्नी हमीदाभाभी आतून म्हणाल्या, "सिमेंटच अच्छा था जी. कटोरी में तो नै गिरता था." मिस्त्रीनं माझी वाटी बदलून दिली आणि दुसऱ्या दिवशी सगळी भिंत खरवडून काढली.

असं नासवत नासवत तो शिकला. सुरखी, म्हणजे विटांची पूड किती घालायची, हिरड्याचं पाणी कधी, गूळ कधी, ताग किती बारीक तोडायचा, हे सगळं त्यानं चुकून चुकून बसवलं. सांगलीच्या बाजारात काळा, विकायच्या लायकीचा न उरलेला गूळ तो पोत्यानं उचलायचा. एका अडत्यानं एकदा हळूच विचारलं, "मिस्त्री, दारूची भट्टी लावली का काय?" मिस्त्री त्याच्या अंगावर धावून गेला. नंतर मात्र त्याला धरून साइटवर आणलं, गुळाचं पाणी पाजलेला चुना त्याच्या हातावर ठेवला आणि तासभर व्याख्यान दिलं. तो अडत्या नंतर मिस्त्रीला लांबून बघितलं तरी गल्ली बदलायचा.

पण शिकणं हा त्यातला सोपा भाग होता. मिस्त्री आता जुन्या घरांचे दरवाजे ठोठावत फिरायला लागला. ज्या ज्या मातीच्या घराला त्यानं सिमेंट लावलं होतं, तिथं तिथं जायचा. दारात उभा राहून सांगायचा, "मी याकूब मिस्त्री. तुमच्या घराचं नुस्कान करून गेलोय. दुरुस्त करून द्याय आलोय." मजुरी घ्यायचा नाही. लोक त्याला आत बोलवायचे, चहा द्यायचे, आणि त्याची पाठ वळली की एकमेकांकडं बघून कपाळाला बोट लावायचे.

खंडाळ्याच्या बाजूला एक निवृत्त सुभेदार राहायचे. मी बरोबर होतो. सुभेदारांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ऑर्डर कुनाची हाय?"

"माझीच हाय," मिस्त्री म्हणाला.

"मग डिसमिस! एकदम फर्स्टक्लास भित्त हाय माझी. काय प्रॉब्लेम न्हाई."

मिस्त्रीनं भिंत ठोकली. भद्द आवाज आला. त्यानं पिशवीतून छिन्नी काढली आणि सुभेदार 'आवं, आवं' म्हणत उठेपर्यंत खालच्या अंगाला हात जाईल एवढं भोक पाडलं. आतून मातीचा भुगा ओघळला. सुभेदारांनी वाकून स्वतः हात घातला, तो कोपरापर्यंत आत गेला. हात बाहेर काढून त्यांनी तळहातावरचा भुगा झटकला. मग घरात गेले, लष्करी बूट घालून आले आणि म्हणाले, "दुसरी छिन्नी हाय का?"

सगळीकडं असं झालं नाही. पुष्कळांनी त्याला हात जोडून वाटेला लावलं. ज्यांनी काम करू दिलं, तेही त्याच्यावर रागावले नाहीत. 'आवं मिस्त्री, तवा सगळीच लावत हुती,' म्हणायचे. 'तुमचा काय दोष?' हे ऐकलं की मिस्त्रीचा चेहरा उतरायचा. मला हे कोडं तेव्हा उलगडायचं नाही. मी म्हणायचो, "लोक माफ करत्यात तर घे की गप."

"माफ कुठं करत्यात?" तो म्हणायचा. "त्यांस्नी खरंच वाटत न्हाई."

सगळ्या मुलखाला सांगत फिरला, पण जिथं सांगायला हवं होतं तिथं त्याची जीभ उचलत नव्हती. गुरुजींना त्यानं अजून काही सांगितलं नव्हतं. आणि नेमकं तेच काम समोर येऊन उभं राहिलं. गुरुजींचा मुलगा पुण्याला असतो. त्याचं म्हणणं, घर पाडून इमारत उठवू. गुरुजी म्हणाले, "याकूब पूर्वीसारखी भिंत बांधून देतो म्हणतोय. त्याच्यावर माझा विश्वास आहे." हे वाक्य मुलानंच मिस्त्रीला फोनवर सांगितलं. मिस्त्रीनं ते मला सांगितलं तेव्हा तो हसत होता, पण ते हसणं बघवत नव्हतं.

काम सुरू झालं. मी अधूनमधून माझ्या गाडीतून सामान पोचवायला जायचो. पडलेल्या भिंतीची माती त्यानं फेकू दिली नव्हती. ती चाळली, भिजवली, भाताचं तूस घालून पायानं तुडवली. दगड, जुन्या सागवानी तुळया, खुंट्यासुद्धा, काहीही बाहेर गेलं नाही. "नवं आनायचं काय कारन?" म्हणायचा. "भित्तीनं काय वाईट केलंय? ह्येच साहित्य, तीच माती. मधी मी कडमडलो एवढंच." ज्या मातीखाली काकू सापडल्या होत्या, तीच माती तो रोज आपल्या पायांनी तुडवत होता. इतर गड्यांना त्यानं त्या मातीला पाय लावू दिला नाही.

काकूंची चाकाची खुर्ची पुढच्या खोलीच्या उंबऱ्याशी असायची. तिथून त्या दिवसभर कामावर देखरेख करायच्या आणि मिस्त्रीला गावभरच्या बातम्या पुरवायच्या. मध्ये रमजान आला. जैनांच्या घरात सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकतात, आणि मिस्त्रीचा रोजा सूर्य मावळल्यावर सुटायचा. काकू आपलं ताट संपवून पश्चिमेच्या खिडकीशी बसायच्या. ऊन गेलं की हाक मारायच्या, "याकूब, मी बंद केलं. आता तू सुरू कर." मिस्त्री हात धुऊन यायचा आणि त्यांनी झाकून ठेवलेले खजूर घ्यायचा. खाताना त्याची मान खाली असायची. काकूंच्या पायांकडं बघायचं टाळायचा, हे मला दिसत होतं.

दर खेपेला मी विचारायचो, "सांगितलंस?"

"छप्पर हुंदे."

छप्पर झालं. "गिलावा हुंदे."

मला त्याचा राग यायचा आणि कीवही यायची. एकदा मी म्हणालोसुद्धा, नको सांगू. म्हाताऱ्या माणसांना आता कळून काय करायचंय? भिंत उभी राहिली, विषय संपला. मिस्त्री म्हणाला, "तुला काय, तू दुकानात बसतूस." एवढंच बोलला, पण मला ते लागलं.

चुन्याचा शेवटचा हात चालू होता. अब्बांच्या वेळची गोटी, म्हणजे घोटायचा गुळगुळीत दगड घेऊन मिस्त्री माजघराची भिंत घोटत होता. काकूंकडं माहेरच्या दोन बायका आल्या होत्या. मी दारात चुन्याचा डबा घेऊन उभा होतो. काकू त्या बायकांना सांगत होत्या, "हा आमचा याकूब. त्या वेळी याचं पक्कं प्लास्टर होतं, म्हणून भिंतीनं तेवढे दिवस तरी तग धरला बघा. नाहीतर पुरातच गेली असती. याच्यामुळं मी जिवंत आहे."

गोटीचा आवाज थांबला. मिस्त्री वळला. चुन्याच्या हातांनीच त्यानं तोंड पुसलं, सगळं तोंड पांढरं झालं.

"न्हाई काकू," तो म्हणाला. "माझ्या प्लास्टरनंच पडली. नदीचं काय न्हाई त्यात. सिमेंटमुळं भित्त वाळली न्हाई. शेजारच्या कासाराची वाळली, तुमची न्हाई वाळली. तुमचं पाय म्या घालवलं."

त्या बायकांना काय करावं कळेना. एक उगीचच पदर सारखा करायला लागली. गुरुजी आतल्या खोलीतून बाहेर आले आणि उंबऱ्यात थांबले.

काकूंनी विचारलं, "फोनवर 'बिनघोर जावा' म्हणालास, तेव्हा तुला ठाऊक होतं का रे हे?"

"न्हाई. आल्लाची आन, न्हाई."

"मग?"

"पन मी येऊन बगितलं न्हाई, काकू. दुनियेच्या भित्ती ठोकत हिंडलो. तुमची तेवढी ठोकली न्हाई. कराडात च्या पीत बसून सांगितलं. ठोकली असती तर एका टकटकीत कळलं असतं मला."

काकूंच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्या पुटपुटल्या, "पोरा, आता काय…" आणि त्यांनी हात पुढं केला. मिस्त्री त्यांच्यापर्यंत गेला, पण हात काही त्यानं धरला नाही. खुर्चीच्या पायाशी जमिनीवर बसून राहिला.

गुरुजी एवढंच म्हणाले, "काम पुरं कर." आणि आत गेले. त्या दिवसापासून त्यांनी याकूबला नावानं हाक मारली नाही. चुना लागला तर 'चुना आणा' म्हणायचे, कुणाला उद्देशून ते कळायचं नाही.

भिंत देखणी झाली. हस्तिदंती रंगाची, हात लावला की गार. मी सिमेंटवाला असूनही सांगतो, तशी भिंत मी पाहिलेली नाही.

आमच्याकडं घराचं काम संपलं की मालक मिस्त्रीला टॉवेल-टोपी देतो. नारळ, कुंकवाचा टिळा, खांद्यावर टॉवेल आणि डोक्यावर पांढरी टोपी. मिस्त्री कुठल्या धर्माचा हे त्यात येत नाही. तो मान कामाचा असतो. गवंडी मजुरीवरून भांडेल, पण टोपी चुकली तर जन्मभर विसरणार नाही. गुरुजींच्या घरी छोटीशी पूजा झाली, जेवणं झाली आणि सगळ्यांना पाटावर ओळीनं बसवलं. आधी गडी, मग सुतार, मग मी, आणि शेवटी याकूब. मी म्हणालो, "गुरुजी, मला कशाला? मी नुसतं सामान आणलं."

"तू धावपळ केलीस," गुरुजी म्हणाले.

त्यांनी एकेकाला टिळा लावला, टॉवेल घातला, टोपी घातली. प्रत्येकाची टोपी सरळ बसली की नाही हे ते बघत होते. माझ्या डोक्यावरही त्यांनी टोपी घातली आणि लहानपणी पाढे बरोबर आले की ठेवायचे तसा हात ठेवला. तबकात एक टोपी उरली होती. गुरुजी याकूबसमोर आले, उभे राहिले. याकूबनं मान वाकवली. गुरुजींनी तबकाकडं पाहिलं, मग त्या भिंतीकडं, मग काकूंच्या खुर्चीकडं. आणि तबक तसंच घेऊन ते देवघराकडं निघून गेले.

गडी जमिनीकडं बघायला लागले. काकू म्हणाल्या, "अहो…" याकूब पाटावरून उठला, पाट उचलून भिंतीला लावून ठेवला, काकूंना सलाम केला आणि गाडीत येऊन बसला.

सांगली सुटली. मग माझा तोल गेला. "एवढं राबलास. एक पैसा घेतला न्हाईस. चार माणसांत असं करायचं? म्हातारा झाला म्हणून काय…"

"गप, दिन्या," तो म्हणाला. आवाज अगदी शांत होता. खिडकी उघडी होती, वाऱ्यानं त्याचे पांढरे केस उडत होते. "साऱ्या मुलखात त्यांनी एकट्यानं माझं बोलनं खरं मानलं."

तो बाहेर उसाकडं बघत बसला. कितीतरी महिन्यांनी मी त्याला असा पाठ टेकून, हातपाय सैल सोडून बसलेला बघत होतो. माझ्या डोक्यावर मात्र ती टोपी होती. गुरुजींच्या पडलेल्या भिंतीला लागलेलं सिमेंटचं एकूण एक पोतं माझ्या दुकानातलं होतं. फोन आला तेव्हा मी समोर होतो आणि मीही हसलो होतो. त्यातलं काही गुरुजींनी मला विचारलं नाही, आणि याकूबनं माजघरात सगळं सांगितलं तेव्हाही, डबा धरून दारात उभा असलेला मी, काही बोललो नाही. मी एका हातानं स्टिअरिंग धरून दुसऱ्या हातानं टोपी काढायला गेलो.

याकूबनं माझ्याकडं पाहिलं. त्याला सगळं कळत होतं, पहिल्यापासून कळत होतं. त्यानं माझा हात हलकेच खाली केला.

"ऱ्हाऊ दे गड्या," तो म्हणाला. "चांगली बसलीया."

कराडला नाक्यावर तो उतरला. "येतो रं," म्हणाला आणि बोडक्या डोक्यानं, रमतगमत, गर्दीतून घराकडं चालत गेला. त्याच आठवड्यात झोपेतच तो गेला, त्यामुळं माझ्या डोळ्यांसमोर आहे ती त्याची पाठ. त्या दिवशी तो दिसेनासा झाला तरी मी टोपी घालून गाडीत बसून होतो. मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न दिला, तेव्हा मी गाडी दुकानाकडं वळवली.